फाडायच्या यादीतली फाईल

बाल न्याय कायद्याच्या नियमांत एक तरतूद आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाच्या, दोषसिद्धीची कागदपत्रं अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं जपून ठेवायची, त्याहून जास्त नाही, आणि मग नष्ट करायची. आमच्यासारख्या पोरांवर हे मोठे उपकार आहेत. आयटीआयचा प्रवेश असो की नोकरी, जुनं प्रकरण आडवं येत नाही. प्रकरण मिटलेलं असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनाही ते उघड करता येत नाही. माझ्याबरोबर रिमांड होममध्ये असलेली पोरं ही सात वर्षं कधी संपतात याची वाट बघत होती. मला मात्र धास्ती होती. माझं गाव कुठलं, माझी माणसं कोण, याबद्दल काही लिहिलेलं असेल तर ते त्याच फाईलमध्ये होतं.

मी साधारण सहा वर्षांचा असताना, २००६ च्या आसपास, मुंबईकडे येणाऱ्या एका गाडीतून कल्याणला उतरलो. माझ्या बाबतीत सगळंच साधारण आणि आसपास. २०१६ साली बाल न्याय मंडळासमोर उभं केलं तेव्हा वय ठरवायचा प्रश्न आला. कायद्यात त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्माचा दाखला, दोन्ही नसतील तर हाडांची तपासणी. माझे मनगटाचे, कोपराचे, कमरेचे एक्स-रे काढले आणि डॉक्टरांनी ‘चौदा ते सोळा’ असं लिहिलं. पुढे मंडळ जे वय नोंदवतं तेच कायद्याने खरं वय. मला पंधरा वर्षं आणि एक जानेवारी ही तारीख मिळाली. आमच्या बालगृहात एक जानेवारीला अर्ध्याहून जास्त पोरांचा वाढदिवस असायचा. एकच मोठा केक कापायचे, संस्थेचीही सोय व्हायची.

गुन्हा काय होता तेही सांगून टाकतो. चालत्या गाडीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर फटका मारून खाली पडलेला मोबाईल उचलायचा. मी आणि माझा जोडीदार मिळून हे काम करायचो, आणि माल उस्तादकडे, म्हणजे आमच्याकडून हे करून घेणाऱ्या माणसाकडे, जायचा. नुसती पोरं सापडली तर अशा किरकोळ गुन्ह्यात एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत नोंद करून सामाजिक माहितीसह मंडळाकडे पाठवतात. आमच्यात उस्तादसारखा मोठा माणूस होता, म्हणून रीतसर गुन्हा दाखल झाला. त्याची केस वेगळ्या कोर्टात गेली, आम्ही मंडळाकडे. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य बसतात. टेबल साधं, कुणाच्या अंगावर गणवेश नाही. शेवटी समज देऊन सोडलं, पण सोडणार कुणाकडे? म्हणून मंडळाने मला बालकल्याण समितीकडे पाठवलं आणि समितीने बालगृहात. अठरानंतर अनुरक्षणगृह, मग वायरमनचा ट्रेड, मग नोकरी. ते सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते उस्तादच्या शिकवणीबद्दल. पकडलं गेलं तर काय बोलायचं हे तो आमच्याकडून पाठ करून घ्यायचा. नाव दुसरं सांगायचं. गाव बिहारमधलं नाहीतर बंगालमधलं, कारण गाव लांबचं असलं की तपास लांबतो आणि तोवर पोरगं पळून पुन्हा स्टेशनवर येतं. आई मेली. बाप दारू पिऊन मारतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण बाप मारतो म्हटलं की समितीच्या मॅडम घरी पाठवायची घाई करत नाहीत. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ होता. हेल्पलाईन १९९६ साली मुंबईतच सुरू झालेली, स्टेशनवर तिची माणसं फिरायची. तिथे कुणी फोन लावला तरी हेच पाठांतर म्हणायचं, अशी उस्तादची तंबी होती.

म्हणजे ज्या फाईलवर माझी सगळी मदार होती, ती मी स्वतः सांगितलेल्या थापांनी भरलेली असणार, हे मला आधीपासून ठाऊक होतं.

२०२३ मध्ये मी मंडळाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘अहो, तुमचं प्रकरण निकाली निघालंय. लोक येतात ते फाडलं का म्हणून विचारायला. तुम्हाला ते वाचून काय करायचंय?’’ तो माणूस वाईट नव्हता. अहवाल गोपनीय असतात, झेरॉक्स देता येत नाही, आणि मुळात मी तोच मुलगा कशावरून, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. फाईलवर मी पोलिसांना सांगितलेलं खोटं नाव. आधारवर बालगृहाने लावलेलं नाव. आधार काढलं तेव्हा मी आधीच घरापासून तुटलेला होतो. देशातलं पहिलं आधार २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यानंतर घर सुटलेल्या काही मुलांच्या बोटांच्या ठशांवरून जुनी नोंदणी निघते आणि घर सापडतं. मी त्याच्या चार वर्षं आधीचा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मला ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी आधी कायदाच माझ्यासमोर ठेवला. कलम ९९ म्हणतं की मंडळापुढचे अहवाल गोपनीय, पण मंडळाला योग्य वाटलं तर त्यातला सारांश त्या बालकाला कळवता येतो. आणि नव्याने सुरुवात करू देण्याचं जे तत्त्व कायद्यात आहे, ज्यामुळे जुन्या नोंदी पुसल्या जातात, त्यातही विशेष परिस्थितीचा अपवाद आहे. या दोन गोष्टींवर अर्ज उभा राहिला. दत्तक गेलेल्या मुलांना अठरानंतर आपलं मूळ शोधण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याची नियमावली आहे. ज्यांना कुणी दत्तक घेतलंच नाही, त्यांच्यासाठी तसा छापील फॉर्म नाही. वकीलबाईंनी साध्या कागदावर टाईप केला.

तोच मुलगा हे सिद्ध झालं ते कोपराच्या भाजल्याच्या डागामुळे. ताब्यात घेताना भरलेल्या कागदावर ओळखीच्या खुणांचा रकाना असतो. शिवाय एक फोटो होता: डोळे सुजलेला, केस नशेच्या सोल्युशनने चिकटलेला पोरगा. मंडळाच्या मॅडमनी फोटो पाहिला, मला बाही वर करायला लावली आणि लिहून घेतलं. सारांश मला वाचून दाखवावा, तोवर फाईल नष्ट करू नये, असा आदेश झाला.

परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. माझा ज्या बाईंनी केला होता त्या निवृत्त झाल्या आहेत. छापील नमुन्यातले रकाने असतात: घरची परिस्थिती, शिक्षण, सवयी, सोबती, घर सोडण्याचं कारण. त्या रकान्यांत माझं पाठांतर जसंच्या तसं उतरलेलं होतं. नाव अमुक, जिल्हा मधुबनी, आई मयत, वडील मद्यपी व मारहाण करतात. ऐकताना हसू आलं. मग समासात आणि मागच्या कोऱ्या बाजूला बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं वाचायला सुरुवात झाली.

त्यांनी ते बिहार कधी मानलंच नव्हतं. ‘बालकाचे मराठी जन्माचे आहे. गावाचे नाव दर वेळी बदलतो.’ मग नंतरच्या भेटींतल्या तुटक नोंदी. घरामागून लहान गाडी जात असे. ती इतकी सावकाश जाई की मुले धावत चढत व उतरत. केळीच्या मळ्यात आत्या कामाला जात असे, तिच्यासोबत जाई. शाळेसमोर मारुती व पलीकडे जिनिंग. एका ठिकाणी गावाचं नाव लिहून खोडलेलं, वर दुसरं लिहिलेलं, तेही प्रश्नचिन्हासह.

यातलं आत्याचं मला काहीच आठवत नव्हतं. केळी नाही, मारुती नाही. लहान गाडी आठवत होती, पण ती मी जत्रेतली समजत होतो. पैसे देऊन लहान पोरांना गोल फिरवतात ती. पंचविशीच्या माणसापेक्षा पंधराचा पोरगा घराच्या दहा वर्षं जवळ होता, आणि मला विसरलेलं त्याला आठवत होतं. बाईंनी ते काढून घेतलं होतं आणि लिहून ठेवलं होतं, एवढ्यावर पुढचं सगळं चाललं.

लहान गाडी म्हणजे नॅरोगेज, अरुंद रुळांवरची. २००६ च्या सुमाराला महाराष्ट्रात अशा मोजक्याच गाड्या उरल्या होत्या आणि मी त्यांची यादी करून बसलो. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला. पुलगाव–आर्वी. नागपूर–नागभीड. मिरजेकडचा बार्शी लाईटचा उरलेला तुकडा. पाचोरा–जामनेर. माथेरानची वगळली, कारण जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आणि तिथे कापूस पिकत नाही. जिनिंग म्हटल्यावर विदर्भ नाहीतर खानदेश. मूर्तिजापूर, पुलगाव आणि पाचोरा ही तिन्ही स्टेशनं मुंबईच्या मुख्य मार्गावर, म्हणजे लहान गाडीतून उतरून मोठ्या गाडीत बसलेलं पोरगं तिन्हीकडून कल्याणला येऊ शकतं. निकाल लावला तो केळीने. केळी आणि कापूस आणि नॅरोगेज, हे तिन्ही जुळतं ते जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या ५६ किलोमीटरच्या रुळावर. तिकडचे लोक तिला पीजे म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत बंद झाली ती झालीच. मी गेलो तेव्हा रुळांवर गवत होतं.

पोलिसांकडून काही निघेल असं मला वाटत होतं. बेपत्ता मुलांच्या पोर्टलवर समितीच्या कार्यालयाने शोधून दिलं, पण माझ्यासारखं कुणी निघालं नाही. त्याला कारण आहे. हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक प्रकरणात गुन्हा दाखल करायचा, अपहरण गृहीत धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ ला सांगितलं. त्याआधी बहुतेक वेळा नुसती ‘मिसिंग’ची नोंद रजिस्टरात व्हायची आणि रजिस्टर भरलं की कपाटावर जायचं. २००६ चं रजिस्टर मला बघायला मिळालं नाही.

शाळेने मात्र काम केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, दाखल-खारीज. ते कधी फेकत नाहीत. दाखला न नेता गेलेल्या मुलासमोर काहीतरी शेरा असतो, बहुतेक वेळा ‘सतत गैरहजर’. खोडलेल्या गावाच्या नावाशी मिळतीजुळती गावं त्या रुळाच्या दोन्ही बाजूंना बरीच निघाली. केंद्रप्रमुखांनी मुख्याध्यापकांना फोन लावून दिले, नाहीतर एका अनोळखी पोराला कुणी रजिस्टर उघडून दाखवलं नसतं. मी २००५ आणि २००६ ला पहिलीत दाखल झालेली, दाखला न नेलेली मुलं बघत गेलो. अशी पोरं फार असतात. ऊसतोडीला गेलेली, सुरतेला गेलेली, मामाकडे ठेवलेली. प्रत्येक नावाचा पत्ता पोलीस पाटलाला विचारायचा. ‘‘तो? तो तर आता जेसीबी चालवतो,’’ असं उत्तर आलं की पुढचं नाव.

एका गावात पोलीस पाटील नाव ऐकून गप्प झाला आणि मला घेऊन सरळ एका घरी गेला. गावाचं नाव मी लिहिणार नाही, तिथे माझी माणसं राहतात. शाळेसमोर मारुती आहे. जिनिंग बंद पडून तिथे आता मंगल कार्यालय झालंय.

आत्याने तोंड पाहिलंच नाही, आधी कोपर पाहिलं. चुलीवरच्या पाण्याचं पातेलं ओढून घेतलं होतं म्हणे मी, ती केळी कापायला गेली असताना. ‘‘मी म्हने जगतोय का मरतोय,’’ एवढं म्हणून ती रडायला लागली, आणि थोड्या वेळाने मला ओरडायला लागली, की एवढ्या वर्षांत एक पत्र नाही. रजिस्टरातली माझी जन्मतारीख एक जून आहे. गुरुजींनी शाळेच्या सोयीने घातलेली. बालगृहाची खोटी, शाळेचीही खोटी. आत्याच्या मते मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, साल तिला सांगता येत नाही.

मी हरवलो अशीच माझी समजूत होती. बाजाराच्या गर्दीत हात सुटला, असं चित्रसुद्धा डोळ्यांसमोर होतं, आणि ते मी इतक्या लोकांना सांगितलं होतं की त्यातले रंगही पक्के झाले होते. आत्याने सांगितलं ते वेगळं. बाप प्यायचा आणि मारायचा, मायला आणि मला. माय एके दिवशी पाचोऱ्याकडे माहेरी निघून गेली, मला ठेवून. नंतर काही दिवसांनी मी घरामागून पीजेत चढलो. गावातल्या एकाने मला दारात बसलेलं पाहिलं होतं, पण ती गाडी सगळ्या पोरांचा खेळच होता, म्हणून त्याने काही विचारलं नाही. मायचं माहेर पाचोऱ्याच्या अलीकडे. मी बहुधा उतरायचं स्टेशन ओलांडून पाचोऱ्यापर्यंत गेलो आणि तिथे समोर मोठी गाडी उभी असणार.

‘बाप दारू पिऊन मारतो’ हे वाक्य उस्तादने सगळ्यांना दिलं होतं. फाईल ऐकताना मी ते थापांच्या बाजूला टाकलं होतं, आणि माझ्या बाबतीत तेच खरं निघालं. गर्दीत हात सुटल्याची गोष्ट, जी मी खरी म्हणून जपली होती, तिचा कुठे पुरावा नाही. ‘आई मयत’ हे खोटं होतं. माय आहे.

बाप वारला. जमीन दीड एकर, कोरडवाहू, आणि वारसाच्या फेरफारात माझं नाव नाही. नसणारच, सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं कायदाही धरून चालतो. चुलतभावाने जेवण झाल्यावर, चांगल्या शब्दांत, विचारलं, ‘‘काय भो, सातबाऱ्याचं काही आहे का मनात?’’ मी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. मग तो डीएनएवर आला. हल्ली सगळ्यांना डीएनए माहीत असतं. मी म्हणालो, करू. माय नमुना देईल की नाही माहीत नाही, पण बापाकडून मुलाकडे वाय गुणसूत्र तसंच जातं, त्यामुळे तुझा माझ्याशी जुळला की एकच घराणं ठरलं, तेव्हा तूच चल. त्यावर त्याने विषय सोडला आणि मला केळ्यांचा घड बांधून दिला.

मायने दुसरं घर केलंय, गुजरातच्या हद्दीला लागून. तिच्या नवऱ्याला माझ्याबद्दल कधी सांगितलेलं नाही. आत्याने नंबर मिळवून दिला. ती घरात एकटी असते तेव्हा तिचा मिस्ड कॉल येतो आणि मग मी लावतो. अजून भेट नाही. तिने विचारलेलं पहिलं काय होतं ते माझ्याजवळ राहू दे. दुसरं होतं, शाळा किती शिकलास.

जोडीदाराला हा सगळा खटाटोप पहिल्यापासून पसंत नव्हता. तो डिलिव्हरीचं काम करतो, लग्न ठरलंय, होणाऱ्या बायकोला वाटतं तो मुंबईतल्या एका संस्थेत वाढलेला अनाथ. ते खोटं नाही. मी कार्यालयात जायला निघालो की त्याचा एकच निरोप असायचा: ‘‘माझी फाटली का, तेवढं विचार.’’ बाबूंनी त्याच्याबद्दल मला काही सांगायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. मग तो स्वतः गेला. नष्ट केलेल्या प्रकरणांत त्याचं प्रकरण आहे एवढं तोंडी कळल्यावर त्याने आम्हा दोघांना चहा पाजला.

माझ्या फाईलचं काय करायचं, असं वकीलबाईंनी विचारलं. आदेशाप्रमाणे सारांश मला कळवून झालाय, तेव्हा ती आता नष्ट होऊ शकते. पण बाईंच्या समासातल्या नोंदी सगळ्या वाचून झालेल्या नाहीत. काही अक्षर लागत नाही, आणि एका ओळीत बहीण असा शब्द आहे. आत्या म्हणते बहीण नव्हती. मायला फोनवर विचारलं तर तिने विषय बदलला. म्हणून मी मुदतवाढ मागितली आणि मंडळाने ती दिली आहे. हे जोडीदाराला सांगितल्यावर त्याने मला अस्सल कल्याण स्टेशनच्या शिव्या घातल्या.